बिनलायसन्सचा मिस्त्री लावताय? मग पैसे आपल्या हातात ठेवा

पहिले एक गोष्ट क्लिअर करतो. गवंडी, फरशीवाला, रंगारी यांना आपल्याकडे लायसन्स असं काही लागतच नाही, त्यामुळे जळगाव घ्या, धुळं घ्या नाहीतर शहादा, घराच्या दुरुस्तीला येणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच, मोबाईल नंबर सोडला तर त्याचा कागद कुठलाच नाही. जीएसटी नंबर मागून पण काही हाती लागत नाही, वर्षाचा धंदा 20 लाखाच्या आत असला तर तो घ्यावाच लागत नाही त्याला. आता यात माणूस लबाड असतो असं नाही हां, काही मिस्त्री असे आहेत की त्यांचं प्लास्टर बघून इंजिनिअरने मान खाली घालावी. पण काम फसलं तर तुमच्या हातात एकच दोरी राहते, न दिलेले पैसे. बाकी सगळं याच्यावरूनच ठरवायचं.

अपवाद लाईटचा. वायरिंगचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचं, नवीन मीटर घेताना महावितरणला त्याचाच टेस्ट रिपोर्ट लागतो. गवंडी म्हणणार, "आपला पोऱ्या लाईटचं पण करतो, व्हई जाई भाऊ", तिथे सरळ नाही म्हणा. आपल्याकडे मार्चपासून घरोघरी कूलर, पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी, त्यात अर्थिंग नसलं की माणूस चिकटतो. 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि टेस्टचं बटण दाबल्यावर तो बंद पडतो का ते स्वतः दाबून बघा. गीझर, एसीला 4 स्क्वेअर एमएमची वायर सांगा, 1.5 ची लाईट-पंख्याला असते, कमी जाडीची टाकून पैसे वाचवणारे भरपूर आहेत.

दुसरं, कॉलम, बीम, भिंत काढणं, गॅलरी वाढवणं हे मिस्त्रीच्या भरवशावर नको. काळ्या मातीतल्या घराला उन्हाळ्यात तडा उघडतो आणि पावसाळ्यात मिटतो, ती भानगड खाली घराच्या पायामध्ये असते, वरून कितीही सिमेंट भरा. इंजिनिअरला एकदा फी देऊन दाखवा, मग काम मिस्त्रीला द्या.

आता माणूस शोधणं. मोबाईलमधले फोटो सगळ्यांचेच छान असतात, त्याला म्हणा ज्या कामाने एक पावसाळा काढला ते घर दाखव. तिथे गच्चीवर जाऊन पॅरापेटचा (कठड्याचा) कोपरा आणि पाणी जायच्या पाईपाभोवतीची जागा बघा, गळती पहिले तिथूनच सुरू होते. घरमालकाला एकच विचारा, पैसे पूर्ण दिल्यावर फोन उचलत होता का?

रेट हजेरीचा (रोजाचा) की उक्ता (कामाचा ठरवून) हे कामावर. फोडाफोडीचं, आत काय निघेल सांगता येत नाही असं काम हजेरीवर, मोजता येतं ते उक्तं. उक्त्यात घाई होते आणि हजेरीत चहा होतो, दोन्हीकडे नजर तुमचीच लागते. प्लास्टर स्क्वेअर फुटावर ठरवलं तर खिडक्या-दरवाजे वजा करायचे की नाही ते आधीच बोला, भांडण हमखास इथेच होतं. मटेरियल शक्यतो स्वतः आणा, बिल तुमच्या नावाचं. गिरणा नदीची वाळू म्हणून नाल्याची टाकणारे आहेत, तेव्हा काचेच्या ग्लासात मूठभर वाळू आणि पाणी घेऊन हलवा, तासाभराने वर मातीचा जाड थर बसला तर गाडी परत.

ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून त्याला पाठवा आणि "बरोबर आहे" एवढं त्याच्याकडून येऊ द्या. स्टॅम्प पेपरचा आग्रह धरला तर चांगला मिस्त्री पळून जातो. इसार थोडाच द्या, मग जेवढं काम तेवढे पैसे, शक्यतो फोनवरून म्हणजे नोंद राहते. मात्र आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरांचे पैसे अडकवू नका, त्या दिवशी त्यांच्या घरचा किराणा असतो, आणि अडकवलेत तर पुढच्या दिवशी माणसं दुसऱ्या साईटवर दिसतील. आखाजीला (अक्षय तृतीयेला) काम बंदच धरा.

गच्चीचं काम एप्रिल-मे मध्ये काढायची आपल्याकडे वाईट सवय आहे. पारा 44-45 ला, दुपारी मारलेला कोबा संध्याकाळपर्यंत पांढरा पडतो आणि मग केसासारख्या चिरा. दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत करा. उन्हाळ्यातच करावं लागलं तर सकाळी लवकर, वर ओलं गोणपाट, आणि कमीत कमी सात-दहा दिवस पाणी. हे पाणी कोण मारणार तेही आधी ठरवा, मिस्त्री समजतो मालक मारेल, मालक समजतो मिस्त्री.

फरशी बसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तिथे खडूने फुली मारा. गच्ची झाली की पाईपाला बोळा मारून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा, खाली छताला ओल आली नाही तरच पुढचा हप्ता. शेवटचा हिस्सा पहिल्या दणक्याच्या पावसानंतर देणार हे सुरुवातीलाच सांगा, मधेच सांगितलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचंही बरोबर आहे.

इतकं करूनही काम सोडून गेला तर शिव्या देत बसू नका. तारखेचे फोटो काढा, दुसऱ्या मिस्त्रीकडून दुरुस्तीचा खर्च कागदावर लिहून घ्या, व्हॉट्सॲप आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जोडा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे, 5 लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, फक्त तक्रार दोन वर्षांच्या आत टाका.