वारशाच्या याद्या एकत्र करताय? या चुका टाळा

जुलै 2025 मध्ये ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले जिंजीसकट आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत; साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. युनेस्कोपुढे प्रस्ताव एकच, पण मागे दोन कार्यालयांची दप्तरं. बारा ओळी हाताने जुळवता येतात. अख्ख्या जिल्ह्याची यादी करायला बसलात की केंद्राची यादी, राज्याची यादी, पालिकेची हेरिटेज यादी, जुनं गॅझेटिअर आणि गावोगाव हिंडणाऱ्या दुर्गप्रेमींची एक्सेल शीट असा ढीग समोर येतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘सगळं एका शीटमध्ये टाका आणि डुप्लिकेट उडवा.’ बिघडायला सुरुवात होते ती इथे.

नावावर विसंबू नका

तोरणा म्हणजेच प्रचंडगड, विशाळगड म्हणजेच खेळणा, विजयदुर्ग म्हणजेच घेरिया. उलट माणिकगड मात्र दोन आहेत, एक पनवेलजवळ आणि एक चंद्रपूर जिल्ह्यात. डुप्लिकेट काढणारं बटण तोरणा आणि प्रचंडगड दोन्ही सुखाने ठेवतं आणि एक माणिकगड गिळून टाकतं. कुलाब्याची तर कमालच आहे. मुंबईतला कुलाबा वेगळा, अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला वेगळा आणि 1981 पर्यंतचा कुलाबा जिल्हा आणखी वेगळा. त्या जिल्ह्याचं आजचं नाव रायगड, म्हणजे रकान्यात नुसतं ‘रायगड’ दिसलं तर तो गड की जिल्हा, हे मूळ कागद पाहूनच ठरवावं लागतं.

जुन्या नोंदींत विजयदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यात सापडतो, कारण सिंधुदुर्ग जिल्हा 1981 चा. वसईचा किल्ला 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. या नोंदींना चूक समजून खोडू नका. ‘नोंदीच्या वेळचा जिल्हा’ आणि ‘आजचा जिल्हा’ असे दोन रकाने करा आणि जुळवणीसाठी लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला (केंद्र सरकारच्या गावांच्या अधिकृत यादीतला) गावाचा कोड वापरा. जिल्हा फुटला तरी गाव जागेवरच असतं.

कधी कधी नाव अगदी तेच दिसतं आणि तरी फॉर्म्युला जुळत नाही. ‘कऱ्हाड’ घ्या. यातला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते वेगवेगळे शब्द वाटतात. त्यात एका यादीत ‘कराड’ आणि तिसऱ्या शीटमध्ये श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून रूपांतर करताना सांडलेली अक्षरं. आधी सगळा मजकूर एका साच्यात आणा, जुळवणी नंतर.

नकाशावरचा ठिपका

हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका गणिती मापावर आधारलेले आहेत, तर मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस 84 या दुसऱ्या मापावर. जुन्या नकाशावरून उतरवलेले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे नव्या नकाशावर टाकले, तर आपल्याकडे ठिपका शंभर मीटरच्या आसपास सरकतो. एरवी सोडून दिलं असतं. पण 1958 च्या केंद्रीय कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवतीचं पहिलं 100 मीटर बांधकामाला प्रतिबंधित आणि पुढचं 200 मीटर नियंत्रित आहे. म्हणजे तुमच्या सरकलेल्या ठिपक्याने एखाद्याचं घर उगाच प्रतिबंधित पट्ट्यात जाऊन बसतं. आकडा कुठून घेतला आणि कोणत्या डेटमवर (एव्हरेस्ट की डब्ल्यूजीएस 84, अशा मापाच्या पायावर) आहे, हे लिहिल्याशिवाय ती ओळ पक्की धरू नका.

एक स्मारक की अनेक?

जुन्नरला लेणी ‘एक’ म्हणायची की तुळजा, लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी असे गट? केंद्राची ओळ आणि स्थानिक अभ्यासकाची ओळ इथे कधीच एकास एक बसत नाही. मूळ नोंद आणि तिच्या पोटातल्या नोंदी अशी रचना ठेवा, विषय संपतो.

वरचं खरं, खालचं खोटं?

दोन याद्यांत फरक दिसला की केंद्राची ओळ ठेवायची आणि गावची उडवायची, ही सवय सोडा. डिसेंबर 2022 मध्ये संसदीय समितीसमोर खुद्द सरकारनेच सांगितलं की 3,693 केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी 50 बेपत्ता आहेत. 14 शहरीकरणात गेली, 12 धरणांच्या पाण्याखाली, आणि उरलेल्या 24 चा ठावठिकाणाच लागत नाही. असा पत्ता लागलाच, तर गावातल्याच कुणाच्या तरी टिपणातून लागेल.

गावचं टिपणही डोळे मिटून घेऊ नका, हे आलंच. प्रत्येक जुनं देऊळ ‘हेमाडपंती’ आणि प्रत्येक लेणं ‘पांडवकालीन’! पण हा मजकूर पुसण्याऐवजी ‘स्थानिक परंपरा’ या रकान्यात ठेवा. काळाचा रकाना वेगळा.

‘संरक्षित: होय/नाही’ हा रकाना तर पहिल्यांदा काढून टाका. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 2004 पासून जागतिक वारसा आहे, मुंबईच्या हेरिटेज यादीत ग्रेड एक आहे, मालकी रेल्वेची आहे आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत ते नाही. सांगा, होय की नाही?

आता मालकीचं

स्मारकाची मालकी एक, त्याचं संरक्षण दुसरं आणि त्याच्याबद्दलच्या माहितीची मालकी तिसरं. बैठकीत या तिन्हींची हमखास खिचडी होते.

नुसत्या तथ्यावर कॉपीराइट नसतो. अमुक गावात वीरगळ आहे, ही बाब कुणाच्या बापाची नाही. पण त्या वीरगळाचं वर्णन, रेखाटन आणि फोटो ज्याने केले त्याचे असतात, आणि दुर्गप्रेमी मंडळाने शीट दिली म्हणून त्यातले फोटोही मिळाले असं होत नाही. फोटो काढणाऱ्याची लेखी परवानगी लागते. सरकारी प्रकाशनांवर 60 वर्षं सरकारचा कॉपीराइट असतो. एकोणिसाव्या शतकातली मुंबई इलाख्याची गॅझेटिअर्स मात्र खुशाल वापरा. सरकारी डेटा 2017 च्या मुक्त डेटा परवान्याखाली दिलेला असेल, तर श्रेय देऊन वापरता येतो. सरकारी संकेतस्थळावर दिसला एवढ्याने तो त्या परवान्याखाली येत नाही.

परवान्यांची सरमिसळ हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशाचा डेटा ओडीबीएल परवान्याखाली आहे, म्हणजे श्रेय द्यायचं आणि पुढे त्याच अटींवर द्यायचा; विकिडेटा हा विकिपीडियाचा भाऊबंद माहितीसाठा सीसी-झिरोखाली, म्हणजे कुठलीच अट नाही. पहिल्यातून ठिपके उचलून दुसऱ्यात ओतले की अटी मोडल्या. आणि एका ओळीत नाव एकाकडून, ठिपका दुसऱ्याकडून, वर्णन तिसऱ्याकडून आलेलं असतं. म्हणून स्रोत आणि परवाना ओळीला नव्हे, प्रत्येक रकान्याला जोडा. कंटाळवाणं आहे, पण नंतर शोधत बसणं त्याहून वाईट.

खासगी वाड्यांच्या नोंदींत मालकांची नावं आणि फोन नंबर असतात. ते सार्वजनिक प्रतीत नकोत. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहेच. शेताच्या बांधावर सुटी पडलेली मूर्ती किंवा वीरगळ यांचा अचूक ठिपकाही लोकांसमोर नको. गावाचं नाव पुरे. चोरालाही जीपीएस वापरता येतं.

दुरुस्ती कोण करणार, हेही आधीच लिहून घ्या. इंग्लंडमध्ये हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेने राष्ट्रीय नोंदी स्थानिक नोंदवह्यांकडे सुपूर्द करायला घेतल्या, म्हणजे प्रवाह वरून खाली. आपल्याकडे गावची माहिती वर जाते आणि तिथेच राहते. गावाला दुरुस्त प्रत मिळत नाही, आणि पुढच्या वेळी शीट मागितली की मंडळी हात आखडता घेतात. करारात तीन गोष्टी हव्यातच: दर वर्षी दुरुस्त प्रत परत द्यायची, मंडळाने नोंदीला दिलेला क्रमांक आपल्या क्रमांकाशेजारी कायम ठेवायचा, आणि प्रकल्पाचं संकेतस्थळ बंद पडलं तर पूर्ण डेटा सीएसव्हीमध्ये (कुठेही उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) त्यांच्या हाती द्यायचा.