सीमाभागातून वनस्पतिशास्त्राचं प्राध्यापक व्हायचं तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं बी.एस्सी. करून एम.एस्सी.ला कोल्हापूरला जातात, तिथल्या मित्रांबरोबर महाराष्ट्राची सेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) देतात आणि पास होऊन गावी परततात. घोळ इथंच होतो. १ जून २००२ नंतरची सेट ज्या राज्याची, त्याच राज्यात चालते. बेळगावात नोकरी हवी असेल तर कर्नाटकची के-सेट द्या. दोन्हीकडे अर्ज करायचा असेल तर देशभर चालणारी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्या. त्याआधी एम.एस्सी.ला किमान ५५ टक्के हवेतच. राखीव प्रवर्गाला ५०.

वनस्पतिशास्त्राची वेगळी नेट नसते, सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेची जीवशास्त्राची द्यावी लागते. २०० पैकी १०० गुण एकट्या ‘सी’ भागाचे. त्यात ७५ प्रश्नांतले २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, चुकलं की १ वजा. आपली मुलं इम्युनॉलॉजीला (रोगप्रतिकारशास्त्राला) घाबरून हातपाय गाळतात. गरज नाही. वनस्पती शरीरक्रिया, परिस्थितिकी, उत्क्रांती आणि आनुवंशिकी पक्की करा, अंदाजपंचे उत्तरं देऊ नका.

संशोधनासाठी जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याचा जंगलपट्टा दाराशी आहे, ही केवढी मोठी गोष्ट! भीमगड अभयारण्यात मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडू नका. वनस्पतीचा नमुना फूल किंवा फळासकट घ्या. प्रेसमध्ये, म्हणजे नमुने दाबून वाळवायच्या चौकटीत, ठेवताना एखादं पान उलटं ठेवा, म्हणजे खालची लव आणि शिरा दिसतात. पावसाळ्यात पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदला. ओल राहिली की पानं काळी पडतात, बुरशी धरते. वाळलेला नमुना २९ × ४२ सें.मी.च्या शीटवर शिवा. लेबलवर ठिकाण, उंची, तारीख, संग्राहक क्रमांक (गोळा करणाऱ्यानं नमुन्याला दिलेला) आणि मराठी-कन्नड दोन्ही स्थानिक नावं लिहा. फुलाचा रंग जंगलातच टिपा, वाळल्यावर तो उरत नाही. शीट मान्यताप्राप्त हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाला) देऊन क्रमांक घ्या. तो नसला तर वनस्पतींच्या नोंदींचा पेपर परत येतो. जुन्या नोंदी शोधताना मुंबई इलाख्याच्या फ्लोरा (वनस्पतींच्या नोंदींचे ग्रंथ) चाळायला विसरू नका. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबईकडेच होतं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार विद्यापीठात थेट प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., १० वर्षांचा अनुभव, १० शोधनिबंध आणि १२० संशोधन गुण लागतात. विज्ञानाच्या निबंधाला मूळ ८ गुण. तीन-चार लेखक असले तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे तिसरं नाव असलेल्या दहा निबंधांचे मूळ गुण जेमतेम २४. मार्गदर्शकांशी नावांचा क्रम काम सुरू होतानाच ठरवा, नंतर तो विषय काढणं जड जातं.

पुढं विभागप्रमुख, अभ्यास मंडळ, डीन, कुलसचिव अशी प्रशासनाची वाट आहे. इथं कन्नड कच्चं राहिलं की माणूस अडतो, कारण सरकारी आदेश आणि टिपणं कन्नडमध्ये येतात. कार्यालयीन कन्नड नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकून घ्या. नेमणूक, वेतननिश्चिती, समित्यांची पत्रं यांच्या सहीशिक्क्याच्या प्रती तारखेनुसार फायलीत लावत जा. मुलाखतीआधीच्या छाननीत कागद नसलेला अनुभव मोजला जात नाही.