कावीळ झालेल्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट कसा वाचावा

मी रक्त तपासणारी डॉक्टर. हिपॅटायटिस ‘ए’ (विषाणूमुळे यकृताला येणारी सूज) झालेल्या मुलाचा रिपोर्ट हातात दिला की आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘एसजीपीटी किती?’ यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं हे एन्झाइम. तो आकडा हजारावर गेलेला असतो आणि त्यांच्या पोटात गोळा येतो. पण एवढा एसजीपीटी असूनही बहुतेक मुलं ठणठणीत बरी होतात. तुम्ही आधी आयएनआर शोधा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा.

रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतात बनतात, त्यामुळे यकृत किती काम करतंय ते इथे कळतं. आयएनआर १.५ किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टर हे घटक बनायला लागणारं व्हिटॅमिन के देऊन पुन्हा तपासतात. पित्त आतड्यात नीट उतरत नसेल तर हे व्हिटॅमिन अंगी लागत नाही. कारण तेवढंच असेल तर आकडा खाली येतो. आला नाही, तर मूल रुग्णालयातच हवं. एसजीपीटी भराभर उतरतोय आणि आयएनआर चढतोय, असं दिसलं तर हुश्श म्हणू नका. तिथे एसजीपीटी उतरतो तो यकृताच्या पेशीच उरल्या नाहीत म्हणून. मूल गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल, तर रिपोर्टची वाटही पाहू नका.

एक आतली गोष्ट: या तपासणीची निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरलेली लागते. रक्त कमी पडलं तर आयएनआर उगाच वाढलेला दिसतो. लहान मुलांची शीर सापडता सापडत नाही, तेव्हा हे हमखास होतं.

आता सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. पांढऱ्या पेशी थोड्या कमी, त्यांतल्या लिम्फोसाइट या प्रकाराचं प्रमाण जास्त, हे नेहमीचंच. खाली ‘अ‍ॅटिपिकल लिम्फोसाइट’ (नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या लिम्फोसाइट) असा शेरा असला की लोक थेट कॅन्सरवर पोचतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी मोठ्या, निळसर दिसतात आणि त्यांची कड शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगलेली असते. विषाणूशी झुंजायला उठलेल्या पेशी आहेत त्या. प्लेटलेट दीड लाखाच्या थोड्या खाली गेल्या तर बहुधा आपोआप सावरतात. कधी नळीत त्यांचे पुंजके होतात आणि मशीन कमी मोजतं, म्हणून स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला का, हे जरूर विचारा. मात्र दाबूनही न जाणारे लाल ठिपके किंवा नाकातून रक्त येत असेल तर थांबू नका. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, पॅरासिटामॉलसुद्धा विचारूनच.

माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं ते हिमोग्लोबिनवर. ते दोन-तीन दिवसांत घसरलं, लघवी कोलासारखी गडद झाली, बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) बेसुमार चढलं आणि त्यात इनडायरेक्टचा, म्हणजे यकृताने अजून न हाताळलेल्या बिलिरुबिनचा वाटा मोठा निघाला, तर तांबड्या पेशी फुटताहेत. नुसत्या काविळीतही लघवी गडद होते, म्हणून रंगावर विसंबू नका. रेटिक काउंट (कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी) आणि एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) करून घ्या. अशा वेळी तांबड्या पेशींना फुटण्यापासून जपणाऱ्या जी-६-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता तपासतात, मुलग्यांमध्ये विशेषकरून. पण पेशी फुटत असताना ही तपासणी फसवते. जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात, उरलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम भरपूर असतं, आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. म्हणून साधारण तीन महिन्यांनी ती पुन्हा करा.

कावीळ उतरल्यावर दोन-तीन महिन्यांत मूल पांढुरकं पडलं, विनाकारण काळेनिळे डाग उठले, वरचेवर ताप आला, तर सीबीसी लगेच करा. हिपॅटायटिसनंतर क्वचित अस्थिमज्जाच (हाडांतला मगज) रक्तपेशी बनवणं थांबवते. त्यात तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट अशा तिन्ही पेशी एकदम कमी होतात, तेव्हा तिन्ही आकडे एकत्र बघा.