परसातला कळप रंगीबेरंगी ठेवायचाय? या चुका टाळा

हौसेने कोंबड्या पाळणाऱ्याच्या परसात सुरुवातीला रंगांची रेलचेल असते. आठवडी बाजारातून वेचून आणलेली एखादी तांबडी, एखादी राखाडी, एखादी पट्टेरी. दोन-तीन पिढ्या गेल्या की खुराड्यातून सगळ्या एकाच छापाच्या कोंबड्या बाहेर पडू लागतात आणि खापर फुटतं कोंबड्यांवर. बघायला हवं ते नराकडे. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच नर असला की प्रत्येक पिल्लाचा निम्मा वारसा त्याचाच. म्हणून रंग टिकवायचे तर कोणत्या अंड्याचे आईबाप कोण, हे ठाऊक असायलाच हवं. पुढच्या बहुतेक चुका हे ठाऊक नसल्यामुळेच होतात.

पांढरं रक्त आणण्याची घाई

अंड्यांच्या व्यवसायासाठी चालणाऱ्या लेअर फार्मवरच्या काढून टाकलेल्या पांढऱ्या कोंबड्या स्वस्त मिळतात आणि अंडीही बरी देतात, म्हणून त्या कळपात येतात. लेगहॉर्न जातीचा हा पांढरा प्रभावी असतो, आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. तांबड्या किंवा काळ्या कोंबड्याची पिल्लंही मग पांढरीच निघतात, फार तर अंगावर काळे शिंतोडे नाहीतर खांद्यावर तांबूस झाक. पुढच्या अंड्यांसाठी हीच पिल्लं राखली की रंग हातचे जातात. अशी कोंबडी खाण्याच्या अंड्यांसाठी खुशाल ठेवा, पण तिची अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसणाऱ्या, कोंबडीखाली घालू नका.

पांढऱ्याचा दुसरा प्रकार दडून राहतो. दोन्ही पालक रंगीत असून एखादं पिल्लू पांढरं निघालं की शेजारच्या कोंबड्यावर संशय जातो. तसं असेलच असं नाही. हा पांढरा आई आणि बाप दोघांत लपलेला असेल, तर सरासरी चारातलं एक पिल्लू पांढरं निघतंच.

राखाडीला राखाडी जोडणं

राखाडी कोंबडी सगळ्यांनाच हवी असते आणि सगळ्यात जास्त निराशा तिच्याच बाबतीत होते. राखाडीला राखाडी जोडली की सगळी पिल्लं राखाडी, असा समज आहे. हा रंग अर्धवट प्रभावी असतो. जनुकाची एक प्रत मिळाली तर काळा रंग विरून राखाडी होतो, दोन मिळाल्या तर जवळजवळ पांढऱ्या अंगावर राखी-काळे शिंतोडे येतात, एकही नसेल तर पिल्लू काळंच. राखाडीच्या जोडीतून निम्मी पिल्लं राखाडी, चौथा हिस्सा काळी आणि चौथा हिस्सा शिंतोड्यांची, असा हिशेब बसतो. सगळीच राखाडी हवी असतील तर शिंतोड्यांचा पक्षी काळ्याला जोडा. दिसायला ही जोडी विजोड वाटते, पण निकाल तिचाच पक्का.

हा हिशेब लहान कळपात दरवेळी जुळत नाही, आणि त्यामुळे चांगली जोडी मोडण्याची चूक होते. राखाडीच्या जोडीची आठ पिल्लं निघाली आणि त्यांत शिंतोड्यांचं एकही नाही, असं साधारण दहातल्या एका खेपेला होणारच. दोन-तीन खेपा पाहूनच ठरवा. आणि हे जनुक फक्त काळ्या रंगावर चालतं. तांबड्या कोंबडीची शेपटी काळीऐवजी राखी असेल, तर तिच्याकडे ते असण्याची शक्यता चांगली. अशी कोंबडी विकू नका.

पट्टेरी कोंबडीकडून पट्टेरी लेकींची अपेक्षा

पट्ट्यांचं जनुक लिंगगुणसूत्रावर असतं आणि कोंबडी आपलं ते गुणसूत्र फक्त मुलांना देते. काळ्या कोंबड्याला पट्टेरी कोंबडी जोडली तर नर पिल्लं पट्टेरी होतात, माद्या काळ्या. यात एक फायदा आहे. अंड्यातून निघाल्याच दिवशी काळ्या पिल्लांची डोकी बघा. टाळूवर पांढुरका ठिपका असेल तो नर, डोकं साफ काळं असेल ती मादी. पट्टेरी माद्या हव्या असतील तर कोंबडाच पट्टेरी लागतो.

काळ्या कातडीच्या कडकनाथ जातीच्या बाबतीतही आई कोण आणि बाप कोण यावर निकाल ठरतो. कडकनाथ नर पिवळ्या पायांच्या गावठी कोंबडीवर सोडला तर मादी पिल्लं गडद कातडीची होतात, नर बरेच उजळ. त्यातली काळी दिसणारी कडकनाथ म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर तर हे कुणी करूच नये.

कोंबडा बदलला आणि लगेच अंडी बसवली

ही चूक भलेभले करतात. कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, त्यामुळे नवा कोंबडा सोडल्यावरही पहिल्या काही अंड्यांचा बाप जुनाच असू शकतो. किमान तीन आठवडे अंडी घरात खा, मग उबवायला घ्या. ज्या कोंबडीची पिल्लं हवीत तिला त्या काळात वेगळ्या कप्प्यात ठेवा, अंड्यावर पेन्सिलने तारीख आणि कोंबडीची खूण लिहा, सात दिवसांच्या आतली अंडीच बसवा. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली की त्यांच्या पायात रंगीत कड्या घाला. पाय जाड होतात, तेव्हा कड्या वेळेवर बदला, नाहीतर रुततात.

पिसांच्या मोहापायी केलेल्या जोड्या

उलट्या पिसांचा नर आणि मादी एकत्र जोडू नका. काही पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ निघतात की ती तुटून अंग उघडं पडतं, आणि थंडी-पावसात ती टिकत नाहीत. एक पालक साध्या पिसांचा ठेवा. बुटक्या पायांच्या कोंबड्यांचंही तसंच. दोघेही बुटके असतील तर पाव हिस्सा गर्भ अंड्यातच मरतो, आणि पाळणाऱ्याला वाटतं अंडीच खराब होती.

दडलेला रंग वर काढायला मुलाला आईशी एकदा जोडणं चालतं. तेच पुढे रेटलं की उबवणूक घटते आणि पिल्लं किडकी निघतात. बाहेरचा नर आणला तर तीन-चार आठवडे लांब बांधा, राणीखेत रोगाची लस झाल्याशिवाय कळपात सोडू नका.

पिल्लांचा लवेचा रंग बघून तर निवड करूच नका. काळ्या होणाऱ्या पिल्लाचं पोट पिवळट असतं, आणि तांबड्या नराची खरी झळाळी पाच-सहा महिन्यांनी येते. तोवर वजन, पाय आणि चपळाई यांवरच बाद करायचे पक्षी ठरवा.