काफी म्हणजे डोरियन? मोड शिकताना झालेली फजिती

लहानपणापासून पेटीवर बोटं फिरलेली, दहा थाट (रागांचे मूळ स्वरसंच) तोंडपाठ. त्यामुळे युरोपात संगीतशास्त्राच्या वर्गात मध्ययुगीन मोड, म्हणजे चर्चच्या चालींचे स्वरांवरून पाडलेले आठ प्रकार, शिकवायला घेतले तेव्हा मी अगदी निर्धास्त होते. काफी म्हणजे डोरियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन, कल्याण म्हणजे लिडियन. झालं की! पहिल्या चाचणीत पाच ग्रेगोरियन चालींचे (चर्चमधल्या जुन्या लॅटिन एकस्वरी गायनाचे) मोड ओळखायचे होते. तीन चुकले.

बाईंनी दोन स्तोत्रं पुढे ठेवली, 'आवे मारिस स्टेला' आणि 'वेनी क्रेआटोर स्पिरिटुस'. म्हणाल्या, "स्वर मोजू नकोस, गाऊन बघ." पहिलं डी या स्वरावरून (डी, ए, जी, सी ही पाश्चात्त्य स्वरनावं) थेट एवर उडी घेतं आणि शेवटी खालच्या डीवर येऊन टेकतं. दुसरं जीवरून निघतं, तिथेच जरा घुटमळून सीकडे चढतं आणि पुन्हा जीवर विसावतं. पहिलं पहिल्या मोडमधलं, दुसरं आठव्या. पुस्तकी व्याख्येत दोन्ही मोडांचा पल्ला डी ते डी, स्वरही तेच! फरक न्यासाचा, म्हणजे चाल जिथे संपते त्या स्वराचा, आणि पाठस्वराचा. स्तोत्रपठणात ज्या एका स्वरावर ओळ म्हणत राहायची तो पाठस्वर. पहिल्या मोडमध्ये न्यास डी, पाठस्वर ए. आठव्यात न्यास जी, पाठस्वर सी.

थाटांनी जे बिघडवलं ते भूप आणि देशकार या रागांनी सावरलं. स्वर तेच पाच, पण एकाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, दुसऱ्याचा धैवत, आणि चाल पार वेगळी. (पाठस्वर म्हणजे वादी असं मात्र उत्तरपत्रिकेत लिहू नका. मी तेही करून बसले आहे.)

ग्रीक नावं सुरुवातीला विसराच. ती मध्ययुगात गैरसमजातून चिकटली. प्राचीन ग्रीकांचा डोरियन वेगळाच होता. आकडे वापरा, 1 ते 8: विषम ते ऑथेंटिक (पल्ला न्यासापासून वर), सम ते प्लेगल (पल्ला न्यासाच्या खालीही). एओलियन आणि आयोनियन हे मोड तर ग्लारेआनुस या विद्वानाने 1547 च्या 'डोडेकाकॉर्डोन' या ग्रंथात जोडले. बाराव्या शतकातल्या चालीला 'एओलियन' म्हणालात तर लाल शेरा ठरलेला.

सरावाला 'लिबर उझुआलिस' हा चर्चच्या चालींचा संग्रह बरा. चालीच्या सुरुवातीलाच मोडचा आकडा छापलेला असतो. तो अंगठ्याने झाकायचा, चाल गायची, अंदाज बांधायचा, मग अंगठा काढायचा. चार रेघांची स्वरलिपी पहिले काही दिवस छळते, नंतर सवय होते.

खरी गुंतागुंत बहुस्वरी संगीतात, जिथे अनेक आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या चाली गातात. प्रत्येक आवाजाचा पल्ला निराळा, मग मोड कुणाचा धरायचा? टिंक्टोरिस या संगीतशास्त्रकाराने 1476 मध्ये सांगून ठेवलंय, टेनरचा, म्हणजे रचनेचा आधार असलेल्या आवाजाचा. सोळाव्या शतकातल्या लासो या संगीतकाराने आपली प्रायश्चित्त-स्तोत्रं मोडांच्या क्रमानेच लावली. पण संगीतकार खरोखर मोड मनात धरून रचत, की मोडचं लेबल रचनेला नंतर लागे, यावर अजून वाद आहे. तो पेटवणाऱ्यांत संगीतशास्त्रज्ञ हॅरल्ड पॉवर्स आघाडीवर. त्यांची पीएचडी कशावर होती? दक्षिण भारतीय रागपद्धतीवर. हे मला तिसऱ्या सत्रात कळलं.