बर्फातला गळ: आधी स्विव्हल, मग बाकीचं सामान

जानेवारी-फेब्रुवारीत लेकाकडे नाहीतर लेकीकडे कॅनडात ऑन्टारियोला निघालाय, आणि सिमको सरोवराच्या बर्फावर बसून पर्च मासा धरायचं मनात आहे, तर बॅग भरायच्या आधी हे वाचा. कपड्यांचं सांगत बसत नाही. निफाडच्या कडाक्यात पुरणारा स्वेटर तिथे बनियनच्या कामाचा, एवढं लक्षात ठेवा. मासेमारीचा परवाना आधीच काढा. आता बॅग उघडा आणि पहिल्यांदा स्विव्हल टाका, म्हणजे दोन्ही टोकं आपापली फिरणारी छोटी कडी; दोरीचा पीळ ती खाली जाऊ देत नाही. रॉड नाही, जिग (वजन जोडलेला छोटा गळ) नाही, स्विव्हल. मागच्या वेळी बाकी सगळं होतं, फक्त ही तांदळाएवढी कडी राहिली आणि अख्खा दिवस पाण्यात गेला.

धरणाकाठी बसून गळ फेकणाऱ्याला तिची किंमत कळत नाही, कारण तिथे फेक लांब असते आणि शिसं जड असतं. बर्फात भोकातून सरळ खाली सोडायचं असतं, आणि टोकाला जेमतेम एक-दोन ग्रॅमची जिग. येवल्याच्या आसारीवरून (पतंगाच्या फिरकीवरून) मांजा सुटतो तेव्हा आसारी फिरते आणि मांजा सरळ येतो. साध्या स्पिनिंग रीलचं तसं नाही. तिथे दोरी गुंडाळलेली स्पूल जागच्या जागी आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तिच्या तोंडावरून वेटोळ्यांनी सुटतो, त्यामुळे प्रत्येक वेटोळ्यागणिक पीळ बसतो. खाली लोंबकळलेली हलकी जिग तो पीळ उलगडत भिंगरीसारखी फिरत राहते. पर्च वर येतो, हातभर अंतरावर थांबतो, बघतो आणि परत खाली जातो. सोनारच्या, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर हे स्पष्ट दिसतं. आपण मात्र जिगचा रंग बदलतो, आमिष बदलतो, नवीन भोक पाडतो. दोष रंगाचा नसतोच, जिग फिरत असते.

म्हणून चौदा नंबरचं किंवा त्याहून बारीक स्विव्हल, जिगच्या वर ४५ सेंटिमीटरवर. अगदी जिगला लावाल तर तिची चाल मरते. मीटरभर वर लावाल तर ते रॉडच्या टोकाच्या कडीत अडकेल, रील पुढे फिरणार नाही, आणि मासा भोकाच्या तोंडाशी लटकलेला असताना तंगूस हाताने ओढत बसाल. आसारीसारखं फिरणारं इनलाइन रील मिळालं तर पीळ जवळजवळ बसत नाही, ते उत्तमच. पण तिकडे कोणी रॉड हातात देईल तो कुठल्या रीलचा असेल, सांगता येत नाही. म्हणून स्विव्हल ठेवाच.

नाशिकमध्येच करून बघा. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून जिग खाली सोडा, म्हणजे आठ-नऊ मीटर होतं. जिगला लोकरीचा लाल धागा बांधा, वारा नसताना खाली एकाला उभं करा आणि धागा किती गरगरतो ते बघायला सांगा. मग मध्ये स्विव्हल लावून पुन्हा सोडा, फरक लगेच कळेल. मखमलाबाद-दिंडोरीकडे कुणाच्या मळ्यात बांधीव विहीर असेल तर आणखी चांगलं. विहीर म्हणजे आपल्याकडचं बर्फाचं भोकच.

गाठी घरीच मारून घ्या. खात्री पटत नसेल तर बर्फाच्या बादलीत दोन मिनिटं बोटं बुडवा आणि मग तंगूस स्विव्हलच्या डोळ्यातून ओवून दाखवा. नाही ओवला जात. तिथे उणे पंधरात तर बोलायलाच नको. जाड पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी खाचा पाडा, त्यावर ४५ सेंटिमीटरचे सहा तुकडे गुंडाळा, प्रत्येकाच्या एका टोकाला स्विव्हल आणि दुसऱ्या टोकाला जिग बांधलेली. सहा म्हणजे सहा, दोन नकोत.

बाकी सामान: ६० ते ७५ सेंटिमीटरचा अगदी मऊ टोकाचा रॉड आणि दीड-दोन किलो ताकदीचा मोनो (एकपदरी नायलॉन) किंवा फ्लुरोकार्बन तंगूस. विणलेली दोरी पाणी पिते आणि काडीसारखी गोठते, ती नको. जिग टंगस्टनची घ्या. शिशापेक्षा खूप जड धातू, त्यामुळे तेवढ्याच आकारात ती लवकर खाली जाते. आणि स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा झारा. हसू नका. भोकावर सारखी बर्फाची साय धरते, ती काढायला झाऱ्यासारखं दुसरं काही नाही.

हाताची चाल आता. जिग तळाला टेकवा, दोन-तीनदा टेकवून गाळाचा धुरळा उठवा, मग दीड वीत वर घ्या. मनगटाने पतंगाला देतो तशी ठुमकी, दोनदा, वीतभर. मग ढील द्या, पण पूर्ण सैल नाही, कारण खाली जाताना मासा घेतो आणि सैल दोरीत ते कळत नाही. मग थांबा, पाच ते दहा सेकंद. बहुतेक झटके या थांबण्यातच येतात आणि आपल्या लोकांना नेमकं तेच जमत नाही. मासा पडद्यावर दिसला की ठुमकी बंद करा, रॉडचं टोक नुसतं थरथरवत सावकाश वर न्या, तो मागे येतो. मध्येच वळून गेला तर जिग फिरतेय का बघा. स्विव्हलमध्ये बर्फ धरला असेल, हाताने चोळा. प्रत्येक माशानंतर गाठ सरकवून जिगच्या डोळ्यावर मधोमध आणा, जिग आडवी लटकली पाहिजे. पंधरा मिनिटांत काही नाही, तर पुढचं भोक.

बर्फ: निळसर पारदर्शक, किमान १० सेंटिमीटर. पांढरा, दुधी असेल तर दुप्पट हवा. वाटेत ठिकठिकाणी मोजा. गळ्यात बर्फात रुतवायचे खिळे, बुटांना काटे, बरोबर माणूस. यात तडजोड नाही.

विमान: गळ, जिग, खिळे चेक-इनमध्ये. सोनारची लिथियम बॅटरी सुटी असेल तर हातातल्या बॅगेत. बर्फाला भोक पाडायचं ड्रिल तिकडेच भाड्याने घ्या. स्विव्हलची एक पुडी जिगच्या डबीत, दुसरी जॅकेटच्या आतल्या खिशात. कसारा घाट उतरायच्या आधी खिसा चाचपून बघा.