स्नायू कमावलेल्या स्त्रीने आपले योग्य वजन कसे ठरवावे

फोंड्यातील एक शिक्षिका गेली तीन वर्षे आमच्यासोबत व्यायाम करते. तिची उंची १६२ सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो आहे. वार्षिक आरोग्य तपासणीच्या अहवालात तिच्या नावापुढे ‘वजन जास्त’ असा शेरा आला, वजन ६० किलोवर आणा असा सल्ला मिळाला आणि त्याच आठवड्यापासून तिने रात्रीचा भात बंद केला. महिन्याभरात तिचे वजन दोन किलोंनी उतरले खरे, परंतु स्क्वाटमध्ये, म्हणजे खांद्यांवर वजन घेऊन काढायच्या बैठकांमध्ये, सहज उचलले जाणारे वजनही तिला जड जाऊ लागले. अशा स्त्रियांनी आपले ध्येय कोणत्या रीतीने ठरवावे, हे तिच्याच आकड्यांवरून मांडत आहे.

आधी त्या शेऱ्याविषयी. असे शेरे बीएमआयवरून दिले जातात, आणि किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. त्याचे मूळ सूत्र १९ व्या शतकात बेल्जियमच्या क्वेटेले या गणितज्ञाने मांडले, तेही एका व्यक्तीची प्रकृती तपासण्यासाठी नव्हे, तर लोकसमूहाच्या अभ्यासासाठी. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा अशी मर्यादा धरली जाते. ही मर्यादा कडक ठेवण्यामागे सबळ कारण आहे, कारण आपल्याकडे कमी बीएमआयलाही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेहाचा धोका वाढतो. मात्र वाढलेले किलो चरबीचे आहेत की मांड्या-पाठीच्या स्नायूंचे, हे सूत्राला कळत नाही. शिक्षिकेचा बीएमआय २५.९ येतो, म्हणजे कागदावर ती लठ्ठ ठरते.

म्हणून पहिले मोजमाप कंबरेचे घ्यावे. सकाळी उपाशीपोटी, शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरावी, श्वास सहज बाहेर सोडावा, पोट आत ओढू नये आणि टेप त्वचेत रुतू देऊ नये. भारतीय स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी आणि उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. शिक्षिकेची कंबर ७६ सेंटिमीटर भरली. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलही ठीक असल्यामुळे तिला वजन उतरवण्याची घाई नव्हती. कंबर मर्यादेबाहेर असेल, तर मात्र ‘माझे स्नायू जड आहेत’ या समजुतीवर विसंबून राहू नये, हे मी आग्रहाने सांगते.

दुसरे मोजमाप चरबीच्या टक्क्यांचे. नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्रीमध्ये साधारण २१ ते २४ टक्के चरबी असते, आणि त्याहून थोडी अधिक असली तरी ती आरोग्याला मारक नसते. शिक्षिकेची चरबी २७ टक्के निघाली, म्हणजे १८.४ किलो, आणि उरलेले ४९.६ किलो म्हणजे स्नायू, हाडे, पाणी आणि अवयव. ध्येय या ४९.६ किलोवरून काढायचे असते. चरबी २५ टक्क्यांवर आणायची असल्यास ४९.६ ला ०.७५ ने भागावे, उत्तर ६६ येते. २३ टक्क्यांसाठी ०.७७ ने भागावे, उत्तर सुमारे ६४.५ येते. म्हणजे तिचे ध्येय ६४.५ ते ६६ किलो. आता अहवालातील ६० किलो तपासून पाहा: स्नायू तसेच राखून तेथे पोहोचायचे तर चरबी १७ टक्क्यांवर न्यावी लागेल, आणि चरबी २४ टक्के ठेवायची तर चार किलो कमावलेले शरीर गमवावे लागेल. या दोन्ही गोष्टी तिच्या हिताच्या नाहीत.

जिममधील यंत्र शरीरातील पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधते, आणि तो तीन-चार टक्क्यांनी सहज चुकतो. तीन टक्क्यांची चूक धरली, तर शिक्षिकेचे २५ टक्क्यांचे ध्येय ६३.५ पासून ६९ पर्यंत कोठेही सरकते! डेक्सा ही क्ष-किरणांनी होणारी तपासणी त्याहून भरवशाची असते. ती शक्य नसेल तर एकाच यंत्रावर, एकाच वेळी, घाम येण्यापूर्वी मोजावे आणि एका आकड्याऐवजी तीन महिन्यांचा कल पाहावा. मे महिन्याच्या दमट उष्म्यात व्यायामानंतर काट्यावर उभे राहिल्यास घटलेले वजन घामाचे असते. पाळीच्या आधी साठणारे पाणी वजन एक-दोन किलोंनी वाढवू शकते, आणि गणेश चवथीच्या पाच दिवसांत नेवऱ्या-पातोळ्या खाऊन काटा वर गेला, तर त्यातही पाण्याचा वाटा मोठा असतो.

वजन उतरण्याचा वेग आठवड्याला ३०० ते ५०० ग्रॅमपेक्षा जास्त नसावा. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, म्हणजे शिक्षिकेसाठी सुमारे ११० ग्रॅम. १०० ग्रॅम बांगड्यातून १९-२० ग्रॅम प्रथिने मिळतात. जून-जुलैची मासेमारीबंदी आली की अंडी, डाळी, पनीर आणि कुळीथ यांवर भर द्यावा. उकड्या तांदळाचा भात सोडण्याची गरज नाही, वाढपातील चमचा आटोक्यात ठेवला तरी पुरते. जड वजने उचलणे मात्र या काळात थांबवू नये, कारण स्नायू टिकवून ठेवण्याचा शरीराला मिळणारा तोच संदेश असतो.

स्क्वाट आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे) यांत किती वजन उचलले, ते आकडे वहीत लिहून ठेवावेत. ते दोन-तीन आठवडे सलग घसरत असतील, झोप उडाली असेल किंवा सतत थंडी वाजत असेल, तर ध्येय गाठण्यापूर्वीच थांबून जेवण वाढवावे. गरोदरपण नसताना पाळी लागोपाठ तीन महिने चुकली, तर व्यायाम आणि आहार यांतील तफावतीमुळे हाडांवरही परिणाम होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी वजनाचा विचार बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे आणि सोबत ही वही न्यावी.